बंदराला ऐकू जाईल असा आवाज

आमच्या घरात रोज संध्याकाळी एक भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की समजायचं, आईचं वांगं भाजून झालं. खान्देशातनं आलेली बाई भरताशिवाय राहणार कशी? पण सिएटलजवळच्या रेडमंडमधल्या भाड्याच्या घरात चूल नाही, गॅस नाही, नुसती विजेची लाल होणारी वेटोळी. त्यावर ती फुटबॉलएवढं अमेरिकन वांगं ठेवायची. धूर व्हायचा, छताला चिकटवलेला स्मोक अलार्म किंचाळायचा, बाबा टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारायचे आणि मी त्या भोंग्याचा आवाज हुबेहूब काढून त्यांना आणखी पिडायचे. “पोरी, एक भोंगा पुरे आहे घराला!” बाबा ओरडायचे. आजचं रेडमंड बघणाऱ्याला खोटं वाटेल, पण तेव्हा तिथं घोडे चरायचे. आता त्या कुरणात माझा जावई पार्किंग शोधत फिरतो.

मी चाळीसगावच्या शाळेतनं थेट तिथल्या हायस्कूलला आलेली. इंग्रजी कळायचं, बोलता यायचं नाही. पण नक्कल करायला भाषा कशाला लागते? स्कूलबसच्या ड्रायव्हरबाई गिअर टाकताना कण्हायच्या ते, गणिताचे सर खडू मोडला की “ओ बॉय” म्हणायचे ते, मराठी मंडळातल्या देशमुख काकू सगळ्यांना “आमच्या पुण्यात नं” म्हणून सुरुवात करायच्या ते, सगळं माझ्याकडं तयार असायचं. वर्गात मला कुणी दोन वाक्यं विचारली तर मी लाल व्हायचे, आणि त्याच वर्गातल्या सगळ्यांचे आवाज मी घरी ओट्याशी उभं राहून आईला ऐकवायचे. आई लाटणं हातात धरून हसायची. बाबा विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे, मिलिमीटरच्या आत बोलणारा माणूस. ते हसायचे नाहीत, पण पेपरची घडी थोडी खाली करायचे, म्हणजे ऐकू यावं.

त्याच पेपरात त्यांना जहाजाचा फोटो दिसला. जपानचं शिडाचं जहाज, चार डोलकाठ्यांचं, पांढरंशुभ्र, सिएटलच्या बंदरात आलेलं. बोटीवर काम शिकणारी पोरं घेऊन ते जगभर फिरतं आणि शनिवारी लोकांना बघायला खुलं आहे, असं खाली लिहिलं होतं. “जायचं,” बाबा म्हणाले. आईनं लगेच दुकानातनं एक नारळ आणला. बाबांनी विचारलं, “अगं, हा कशाला?” आई म्हणाली, “अहो, एवढं मोठं वाहन बघायला जायचं आणि हात हलवत? तुमच्या फोर्डला वाहिला तेव्हा नाही विचारलंत!”

बाबा कुठंही तासभर आधी पोचायचे. तसे आम्ही पोचलो, फाटक अजून बंद होतं. पण शिडीवर उभ्या असलेल्या पोरानं आईची साडी बघितली, नारळ बघितला, वाकून नमस्कार केला आणि काय समजला कुणास ठाऊक, आम्हाला वर घेतलं. वर जे दिसलं ते मी आजही डोळे मिटले की बघते. लांबच लांब लाकडी डेक, त्यावर ओळीनं उकिडवी बसलेली पोरं, पाय अनवाणी, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, आणि प्रत्येकाच्या हातात अर्धा नारळ! सोडणासकट आडवा कापलेला सुका नारळ. एक जण हाळी द्यायचा, बाकीचे एका सुरात ओरडायचे आणि त्या नारळाच्या केसाळ तोंडानं डेक घासत एक पाऊल पुढं सरकायचे. हाळी, घासणं, सरकणं. लाकूड असं पिवळंधम्मक निघत होतं की आई पुटपुटली, “बाई बाई, माझं पोळपाटसुद्धा इतकं स्वच्छ नाही.”

तेवढ्यात पोरांचा मुकादम आला. त्याला ते बोसन म्हणायचे. बुटका, रुंद, चेहरा वाळलेल्या चिंचेसारखा. आईनं दोन्ही हातांनी नारळ पुढं केला. त्यानंही दोन्ही हातांनी घेतला, खोल वाकला, सगळी पोरं उठून वाकली. आई खूश. मग त्यानं नारळ उलटासुलटा फिरवला. अंगठ्यानं कवटी घासून बघितली. कानाशी नेऊन हलवला. चेहरा आणखी गंभीर झाला. त्यानं एका हडकुळ्या पोराला बोलावून काहीतरी सांगितलं आणि तो पोरगा तुटक इंग्रजीत आम्हाला म्हणाला, “बोसन से, थँक यू व्हेरी मच. बट दिस कोकोनट… नो हेअर. कॅन नॉट क्लीन.”

बाबांनी भाषांतर केलं. आईचा चेहरा बघायला हवा होता. “अहो, मी काय यांना फरशी पुसायचा ब्रश आणून दिला? देवाचं आहे ते!” बाबांनी त्या पोराला समजावलं, त्यानं बोसनला समजावलं. बोसन इतका कावराबावरा झाला की नारळ परत आईच्या हातात द्यायला लागला. आई हात मागं घेऊन उभी. “दिलेला परत घेतात का?” तो पुढं, ती मागं, तो पुढं, ती मागं, आणि मधे तो हडकुळा पोरगा घामाघूम. शेवटी आईनंच नारळ घेतला, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर एका फटक्यात फोडला आणि नुकत्याच घासलेल्या डेकवर पाणी सांडलं. बाबांनी डोळे मिटले. पण बोसननं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि पहिल्यांदा हसला. मग ओळीतल्या सगळ्यांनी खाल्लं. सांडलेलं पाणी कुणी पुसलं? अर्थात त्याच हडकुळ्या पोरानं, अर्ध्या नारळानं.

त्याचं नाव हिरोशी. आईनं शिडी उतरेपर्यंत त्याचा हिरू केला होता. “किती वाळलाय बघ,” ती म्हणाली, “अहो, विचारा ना, जेवायला येऊ देतात का.” शहरातल्या बऱ्याच घरांनी कॅडेट पोरांना शनिवार-रविवार घरी न्यायचं ठरवलेलंच होतं, म्हणून बोसननं मान हलवली आणि आमच्या फोर्डच्या मागच्या सीटवर माझ्याशेजारी जपान येऊन बसलं.

घरात शिरल्या शिरल्या आईनं वांगं भाजायला ठेवलं आणि भोंगा वाजला. हिरू ताठ उभा राहिला, जहाजावर आग लागल्यासारखा, आणि त्यानं डोळ्यांनी बादली शोधली. मी हसून हसून खाली बसले. मग ताटं मांडली. भरीत, आईनं जपून ठेवलेल्या ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, वरण-भात, तूप. तो भात बघून त्याचा जीव भांड्यात पडला. भरीत खाऊन डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं ताट पुढं केलं. “अजून वाढ गं त्याला,” बाबा म्हणाले. त्यांना स्वतःला अजून कुणी वाढलं नव्हतं.

जेवणानंतर बाबांनी विचारायला सुरुवात केली. पोलाद कुठलं, शिडं किती, वारा पडला तर काय. हिरूला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा त्यानं टोपलीतला बटाटा घेतला, देव्हाऱ्यापुढच्या चार उदबत्त्या घेतल्या आणि बटाट्यात खोचल्या. आई “अरे, अरे!” म्हणेपर्यंत त्यानं दात कोरायच्या काड्या मोडून उदबत्त्यांवर आडव्या बांधायला घेतल्या. झालं जहाज. मग त्यानं त्या बटाट्याची हकीगत सांगितली.

फार पूर्वी, तो म्हणाला, त्यांच्या देशात अशीच शिकाऊ पोरं घेऊन निघालेलं एक छोटं जहाज वादळात गेलं. एकही पोरगा परतला नाही. मग लोकांनी धरलं की पोरांना समुद्रावर पाठवायचंच असेल तर जहाज चांगलं द्या. म्हणून ही मोठी जुळी जहाजं बांधली, दोन बहिणी. वाऱ्यावर चालणारी, कारण वारा कळला की समुद्र कळतो. दहाबारा वर्षं पोरं शिकली, आणि मग लढाई आली. हिरूनं एकेक आडवी काडी काढून टेबलावर ठेवली. शिडं उतरवली, आडवे दांडे काढून नेले, उरल्या नुसत्या चार उदबत्त्या. पांढऱ्या जहाजात कोळसा भरला. पोरं तीच, पण आता कोळसा वाहायला शिकत होती. लढाई हरल्यावर कोळशाच्या जागी माणसं भरली. परमुलखात अडकलेली बायापोरं, आजारी शिपाई, अस्थींचे डबे, सगळ्यांना त्या जहाजानं घरी आणलं.

“माय मदर,” हिरू म्हणाला आणि बटाट्याच्या पोटाकडं बोट दाखवलं. “हिअर.”

त्याची आई तेव्हा एवढीशी होती. तिला जहाजाचं काहीच आठवत नव्हतं, फक्त एकच गोष्ट. निघताना धक्क्यावरनं कुणी बोललं नाही आणि जहाजावरनंही कुणी बोललं नाही. एवढी माणसं, आणि कुणाचा आवाज नाही. हिरूची झोपायची फळी आता त्याच भागात होती.

मग पुष्कळ वर्षांनी लोकांनी पुन्हा हट्ट धरला आणि जहाजाला शिडं परत मिळाली. हिरूनं एकेक काडी परत बांधली, फार हळू, आणि बाबांनी, माझ्या त्या मिलिमीटरच्या बाबांनी, शेवटची काडी स्वतः बांधून दिली. “आणि शिडं मिळाल्यावर ते इथं आलं? अमेरिकेला?” त्यांनी विचारलं. “ज्यांच्याशी लढले त्यांच्याकडं?” हिरू म्हणाला, “यस. टू से हॅलो.” बाबांनी तिरका झालेला बटाटा अलगद सरळ करून ठेवला. नातवंडांना मी आज सांगते तेव्हा ती फोनवर त्या जहाजाचे फोटो काढून दाखवतात, आजी, हे बघ, आता म्युझियम आहे. असेल. जुळ्या बहिणीतली एक तेव्हाच निवृत्त होऊन बंदरात बांधली होती, आणि हिच्याही जागी नवी बांधायचं ठरलं होतं. पण मला जहाज म्हटलं की तो बटाटाच दिसतो. आईनं तो कितीतरी दिवस कापला नाही.

वातावरण जड झालं की मला करमत नाही. मी उठले आणि बोसन झाले. हवेतलाच नारळ कानाशी हलवला, अंगठ्यानं कवटी घासली, चिंचेसारखं तोंड करून म्हटलं, “नो हेअर!” हिरू खुर्चीवरनं पडायचाच बाकी होता. हसणं थांबल्यावर त्यानं डोळे पुसले आणि एकदम गंभीरपणे मला विचारलं, “यू… बिग व्हॉइस. हाऊ?”

मग खरी गोष्ट बाहेर आली. बंदर सोडताना त्यांच्याकडं एक रीत असते. सगळी पोरं डोलकाठ्यांवर चढतात, आडव्या दांड्यांवर ओळीनं उभी राहतात. एक पोरगा जहाजाच्या नाकातनं पुढं आलेल्या लांब दांड्याच्या पार टोकाला जातो, टोपी काढतो आणि किनाऱ्याला हाक घालतो, “गोकीगेन्यो!” म्हणजे सुखी असा, बरे राहा. त्याच्यामागून सगळे म्हणतात. तीनदा. प्रत्येक बंदरात हाक घालणारा वेगळा, आणि सिएटलला हिरूची पाळी आली होती. त्याला ती हवीच होती. ज्या जहाजावर आपल्या आईला कुणी काही म्हटलं नाही, त्याच्यावरनं एकदा तरी आपण म्हणावं, घरी गेल्यावर तिला सांगावं. पण आवाज! बोसननं बजावलं होतं, रविवारी संध्याकाळी तालीम, हाक धक्क्याच्या टोकाला ऐकू आली नाही तर पाळी दुसऱ्याला. आणि दुसरा तयार होता, ओसाकाचा एक दणकट गडी, नुसता खोकला तरी पक्षी उडायचे.

“म्हणून दाखव,” मी म्हटलं. हिरू उभा राहिला, छाती फुगवली, मान लाल झाली आणि आवाज निघाला तो दाराच्या बिजागरीसारखा. आईनं पाणी दिलं.

आता यात मला कळत होतं. तो घशानं ओरडत होता. चाळीसगाव जंक्शनवर एवढे फेरीवाले, त्यातला एकही घशानं ओरडत नाही. सुपडाबाई केळीवाली तर काडीसारखी बाई, पण इंजिनाची शिट्टी चालू असताना तिची हाक शेवटच्या डब्याला जायची. मी शाळेत असताना तिच्यासमोरच तिची नक्कल करायचे आणि ती मला फुकट केळं द्यायची. पोटातनं उचलायचं, तोंड अर्धं मिटायचं, आवाज नाकात ढकलायचा आणि शेवट सोडून न देता वर न्यायचा, खिडकीतल्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्यासारखा. “केऽऽळीऽऽऽ!” मी काढून दाखवली. भोंगा वाजला नाही हे नशीब.

रविवारी सकाळी बाबांनी आम्हाला सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं. पाऊस भुरभुरत होता. बाबा चालत चालत पार त्या टोकाला जाऊन उभे राहिले. ठरलं असं, ऐकू आलं तर छत्री वर, नाही आलं तर खाली. आई गाडीत बसून काचेतनं हातवारे करत होती.

“गोकीगेन्यो!” छत्री खाली.

“अरे, नाकात! नोज! नोज!”

“गोकी…” खोकला. छत्री खाली.

मी म्हटलं, ते मोठं काम राहू दे. केळी म्हण. बनाना. त्यानं शंकेनं माझ्याकडं बघितलं. पण केळी विकायची म्हटल्यावर त्याच्यावर कसलंच ओझं राहिलं नाही. त्यानं तोंड अर्धं मिटलं आणि दिलं सोडून, “केऽऽळीऽऽऽ!” छत्री ताडकन वर! आई गाडीतनं टाळ्या पिटायला लागली. ट्रॉल्या गोळा करणारा दुकानातला मुलगा थांबून बघत होता. “यू फोक्स ओके?” त्यानं बाबांना विचारलं. बाबा छत्री वर धरूनच म्हणाले, “व्हॉइस टेस्टिंग.” विमानाचं इंजिन तपासत असल्यासारखे.

पण खरा शब्द आला की हिरू पुन्हा आदबशीर व्हायचा. छत्री खाली. केळी, वर. गोकीगेन्यो, खाली. मी वैतागले. “बाबा रे, बंदराला नमस्कार नको करूस. बंदराला केळी वीक! सेल बनाना टू सिएटल!” तो हसला, आणि हसता हसताच त्याच्या तोंडून गेली. “गोऽकीगेन्योऽऽऽ!” शेवट वर, सुपडाबाईसारखा. छत्री वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. बाबांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता. त्यानंतर कधी जमायचं, कधी नाही. आवाज बसू नये म्हणून आईनं गाडीतच त्याला सुंठ-गूळ खायला लावला. संध्याकाळी त्याला शिडीपाशी सोडलं. तो पुन्हा पुन्हा वाकत होता. आत तालमीची घंटा झाली आणि तो पळत गेला. काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. जहाजावर फोन कुठला?

दुसऱ्या दिवशी जहाज निघणार होतं, म्हणून बाबांनी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली ती पहिली थाप असावी, कारण फोन ठेवल्यावर ते खरोखरच आजारी दिसत होते. मलाही शाळेत पाठवलं नाही. धक्क्यावर गर्दी होती. जहाज हळूच सुटलं, थोडं बाहेर जाऊन थांबलं. शिट्टी झाली आणि पोरं चढायला लागली. अनवाणी, दोरांच्या शिड्यांवरनं, भराभर, उंच, आणखी उंच, एवढ्या उंच की आईनं माझा दंड धरला. मग आडव्या दांड्यांवर दोन्ही बाजूंना पसरत गेली आणि उभी राहिली. चारही डोलकाठ्यांवर, खालपासून वरपर्यंत, माणसांच्या ओळी. शीड एकही उघडं नव्हतं, पण जहाज भरल्यासारखं दिसत होतं. मी आयुष्यात पुष्कळ देखणं बघितलं, दोन लेकी बघितल्या, पण इतकं नीट उभं राहिलेलं काही बघितलं नाही. ह्याच त्या डोलकाठ्या, ज्यांच्यावरनं एकदा सगळं काढून नेलं होतं.

नाकाच्या लांब दांड्यावर एक पोरगा पुढं सरकत होता. खाली पाणी. कोण होता ते कळेना, पांढऱ्या कपड्यात सगळे सारखे. “दणकट दिसतोय का गं?” बाबांनी विचारलं. “कपडे ढगळ आहेत, कळत नाही,” मी म्हटलं. तो टोकाला पोचला. टोपी काढली. धक्का गप्प झाला, गाड्यासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या.

“गोऽकीगेन्योऽऽऽ!”

नाकातनं. शेवट वर. खिडकीतल्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्यासारखा. आमच्या डोक्यावरनं ती हाक मागच्या गोदामांपर्यंत गेली. आणि त्यांची शिस्त अशी की पुढच्यानं जशी हाक घातली, तशीच मागच्यांनी घालायची. म्हणून त्या उंच दांड्यांवरच्या सगळ्या पोरांनी, तो ओसाकाचा गडीसुद्धा त्यात असणार, टोप्या काढून एका सुरात चाळीसगाव जंक्शनचा हेल उचलला. तीनदा. मी हसत होते आणि चेहरा ओला होता. बाबा तर उघड रडत होते, अगदी मोजमाप न करता.

शेजारी एक वयस्क अमेरिकन बाई उभी होती, हातात छोटा कागदी झेंडा. तिनं आईकडं वळून विचारलं, “डू यू नो व्हॉट ही इज सेयिंग?”

आईला इंग्रजीत दहाबारा वाक्यं यायची. तिनं जहाजाकडं बघत, पदरानं नाक पुसत सांगितलं, “ही इज सेयिंग, आय ॲम कमिंग.”

“बट ही इज लीव्हिंग,” ती बाई म्हणाली.

“येस,” आई म्हणाली. “दॅट्स व्हाय.”